उजवा कौल

खराडीच्या आयटी पार्कांच्या मागे, जुन्या गावठाणात भैरवनाथाचं देऊळ आहे. तिथे ज्ञानदेव गुरव तीस वर्षं पूजा करत होता. गावात कुणी अडलं की देवाला कौल लावायला यायचं. ज्ञानदेव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली कळी चिकटवायचा आणि प्रश्न सांगायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली पोरंही तो शब्द मानायची.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात शालू आली. आठ वर्षांची लेक आनंदी तिच्या खांद्यावर होती, तापाने फणफणलेली.

"काका, चार दिस झालं ताप उतरत न्हाई. मोठ्या दवाखान्यात नेऊ का? सासूबाई म्हणत्यात, देवाला इचारल्याबिगर हलवायचं न्हाई."

ज्ञानदेवने कळ्या लावल्या. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्याने खाली पाहून तो बंद केला. मान वर केली तर दोन्ही कळ्या पडलेल्या. आधी कुठली, ते त्याने पाहिलं नव्हतं.

"दिसलं नाही, पुन्हा लावतो," एवढंच म्हणायचं होतं. पण मागे रांग होती, आणि तीस वर्षांत असं म्हणायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. शालू त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"डावा आहे," तो म्हणाला. "आज हलवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदी गेली. डेंग्यू होता.

तेराव्याला ज्ञानदेव त्यांच्या घरी जेवून आला. "देवाची इच्छा," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा त्यानेही मान हलवली.

चौदाव्या दिवशी त्याने गाभारा उघडला. देवाच्या उजव्या पायाशी कण्हेरीची एक कळी पडली होती. ओली. काल झाडताना राहिली असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशीही होती. त्याने पाणी जायचं भोक बुजवलं, दाराचं कुलूप बदललं. कळी रोज असायची. एकच, उजव्या बाजूला.

त्याने कौल लावणं बंद केलं. गुडघे दुखतात, असं लोकांना सांगितलं.

पुढच्या वर्षी रस्तारुंदीत अंगणातली कण्हेर गेली. आसपास दुसरं झाड नव्हतं. कळी मात्र यायची थांबली नाही.

ट्रस्टने चोरांच्या भीतीने कॅमेरा बसवला, तेव्हा ज्ञानदेवने चित्रण पाहिलं. रिकामी फरशी. रिकामी फरशी. मग कळी. पडताना ती कुठेच दिसली नाही.

त्याने ते चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. देव भीती घालत नव्हता, रागावलाही नव्हता. एकदा दिलेलं उत्तर तो रोज पुन्हा देत होता, कुणीतरी ते नीट ऐकावं म्हणून.

दुपारीच तो शालूकडे गेला. ती ओट्याशी लसूण सोलत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. फोन वाजल्याचं सांगितलं, पण त्याच्यावर ढकललं नाही.

"मी पाहिलं नव्हतं, शालू. आणि देवाच्या नावाने खोटं बोललो."

शालूचे हात थांबले.

"मी बघितलं हुतं, काका. उजवी आधी पडली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही डावी म्हणालात. मला वाटलं, आईचं मन हाय, हवं तेच दिसलं आसंल." तिने एक पाकळी उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "दोन वर्सं मी माज्या डोळ्यांना शिव्या देतेय."

ज्ञानदेव तिच्या पायांवर वाकला. तिने पाय मागे घेतले नाहीत, त्याला उठही म्हणाली नाही.

रविवारी सकाळच्या आरतीनंतर त्याने सभामंडपात साऱ्या गावासमोर तेच सांगितलं आणि किल्ल्या ट्रस्टच्या हिंदुरावांपुढे ठेवल्या.

"आता सांगून काय हुनार, ज्ञानबा?" हिंदुराव म्हणाले.

"काही नाही. सांगायला पाहिजे होतं."

शालू खांबापाशी उभी होती. ती पुढे आली.

"काका, जायच्या आदी येकदा लावा."

"काय विचारू?"

"त्येच."

ज्ञानदेवने तुळशीची दोन पानं भिजवून लावली. या वेळी त्याने डोळ्याची पापणीही लवू दिली नाही.

उजवं पान पडलं.

"ने," तो म्हणाला. "आत्ताच ने."

शालूने डावा हात किंचित खाली सोडला आणि बोटं अलगद मिटली, लहान हात धरल्यासारखी.

ती देवळाच्या पायऱ्या उतरू लागली. प्रत्येक पायरीवर थांबत होती.

बाहेर कर्वेनगरहून आलेली एक रिक्षा भाडं सोडून उभी होती. रिक्षावाल्याला गावातलं कुणी ओळखत नव्हतं.

"मोठ्या दवाखान्यात," शालू म्हणाली.

ज्ञानदेव मागोमाग धावत फाटकापर्यंत पोचला होता.

रिक्षावाल्याने मागच्या सीटवरचा डबा उचलून पुढे घेतला, वळून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मुलीला आतल्या बाजूला बसवा. ग्लानीत आहे, तोल जाईल."