देवीची पाठ

घरात सगळे तिला छिन्नी म्हणत. हात धारदार आणि जीभ त्याहून. वडिलांच्या मागे त्यांचं मूर्तिकाम तिनं एकटीनं चालवलं होतं आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता.

इस्पितळाच्या दालनातली दगडी देवी वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, हातची. चेहरा मात्र आईचा, हे घरच्यांनाच ठाऊक. छिन्नीच्या वेळच्या बाळंतपणात आई याच इस्पितळात वारली. येणारा-जाणारा आपल्या आईपुढे हात जोडतो, या विचारानं छिन्नीची मान लहानपणापासून ताठ होती.

मूर्ती भिंतीला टेकून उभी, म्हणून तिची पाठ वडिलांनी ओबडधोबडच सोडली होती. आता देवी दालनाच्या मधोमध यायची होती. पाठ घडवायला बाहेरचा कारागीर आणू, असं मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा छिन्नीनं त्यांना सरळ सुनावलं.

"पुढून माझ्या दादांनी घडवलीय. मागून मी घडवणार."

बोलून तर बसली. पण आईला पाठमोरी तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, वहिनी कायम अंबाडा घालायची. छिन्नीनं अंबाडा कोरला, त्याखालचा दगड उतरवून मान मोकळी केली आणि स्वतःवर खूश होत दालनाला कुलूप लावून घरी गेली.

सकाळी अंबाडा नव्हता. मान झाकलेली होती. उतरवलेला दगड जागच्या जागी होता आणि त्यावर मोकळ्या केसांच्या बटा होत्या.

तिनं ठोकून पाहिलं. लेप नव्हता, दगड भरीव वाजला. माझ्या कामाला हात कुणी लावला म्हणून तिनं पहारेकऱ्याला फैलावर घेतलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. छिन्नी हट्टाला पेटली आणि अंबाडा पुन्हा कोरला.

दुसऱ्या दिवशी केस कमरेपर्यंत आले होते.

ती वाकून बघत राहिली. घाव उलट्या बाजूला कललेले होते. घरात डावखुरे एकटे दादाच.

अंगावर सरसरून काटा आला. आणि मग तिचा ऊर भरून आला. लहानपणी तिची चूक ते अशीच, एक शब्द न बोलता, सुधारून ठेवत. तिनं केसांना हात लावला नाही. खालच्या वस्त्राच्या चुण्या तेवढ्या पुऱ्या केल्या.

देवी मधोमध उभी राहिली त्या दिवशी लोकांनी छिन्नीचं तोंडभरून कौतुक केलं. आम्हा दोघांचं काम आहे, असं ती प्रत्येकाला अभिमानानं सांगत होती. आत्या हात जोडून मूर्तीच्या मागे गेली आणि तिथेच थबकली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"शेवटच्या दिवशी तिनं हट्टानं केस धुऊन घेतले. मीच धुतले. तेव्हा मी आणि तुझे दादा, दोघंच होतो गं तिथे."

"मग मला अंबाडा का सांगितलास?"

आत्या हळूच म्हणाली, "तशी आठवायला नको वाटतं. केस वाळायच्या आतच गेली ती."

छिन्नीनं दगडी केसांवर तळवा टेकवला. काढला तेव्हा तो ओला होता.

तिनं तो पुसला नाही.