लुसिंदाचा फ्रॉक

साकोलीच्या बसस्टँडसमोरचं भैयाजी टेलरचं दुकान त्या दिवशी बंद होतं, म्हणूनच तो माणूस सत्यभामाच्या दुकानाची पायरी चढला. नाहीतर कशाला चढला असता? तिच्याकडे फक्त बायकांचे ब्लाऊज आणि पोरींचे फ्रॉक शिवले जायचे.

"मले फ्रॉकच पाहिजे," तो म्हणाला आणि पिवळं, बारीक फुलांचं कापड त्याने टेबलावर ठेवलं.

"माप?"

त्याने तळहात आपल्याच बरगडीवर टेकवला. "एवढी होती. आता… वाढली असन."

"पोट्टी तुमची?"

"नाई—" तो थांबला. नजर दुसरीकडे वळवली. "म्हंजे, हाये एक."

हाये एक! सत्यभामाने टेपने कापड मोजता मोजता त्याच्याकडे तिरकं पाहिलं. उंच, रापलेला. बोटांच्या पेरांत वंगणाचा काळेपणा मुरलेला. आणि डोळे असे, की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस अर्धा इथे आहे आणि अर्धा भलतीकडेच.

"नाव सांगा."

"श्रावण कापगते. एकोडी."

नाव तिने ऐकलं होतं. ऐंशी सालानंतर एकोडीचा एक फिटर आफ्रिकेत गेला होता, मोझांबिक नावाच्या देशात. तिथल्या बैरा बंदरातून सुटणाऱ्या गाड्यांची इंजिनं तो दुरुस्त करायचा. चार वर्षांनी नुकताच गावी परतला होता. आणि परतताच कोणासाठी तरी फ्रॉक?

ठरल्या दिवशी तो फ्रॉक घेऊन थेट पोस्टाकडे गेला. पण पुढच्या बाजाराला पुन्हा आला… शर्टाची बटणं तुटली होती.

"इथं बायकायचे कपडे शिवते मी," ती म्हणाली.

"बटणाले काय कळते, बाईचं का माणसाचं?"

तिला हसू आलं. तिने ते ओठांत दाबलं आणि शर्ट हातात घेतला. बटणं तुटली नव्हती. दोरा कोणीतरी ब्लेडने कापला होता. सुईत दोरा ओवताना तिची बोटं उगाचच चुकली.

मग तो येतच राहिला. कधी कॉलर, कधी पायजम्याची नाडी. स्टुलावर बसून तो बैऱ्याच्या गोष्टी सांगायचा. तिथे सगळे पोर्तुगीज बोलतात, सकाळी भेटलं की 'बों दिया' म्हणतात. समुद्राचं पाणी दूर सरकतं तेव्हा होड्या चिखलात बसून राहतात. बाया रंगीत कापड कमरेला गुंडाळतात आणि त्यातच पाठीशी लेकरू बांधून बाजाराला जातात.

"अन् खातेत काय?"

"भात! आपल्यासारखाच. पण नारळाच्या दुधात शिजवतेत."

"गोड लागत असन?"

"पहिल्यांदा नाई आवडला. मंग… सवय झाली."

"कोणी लावली सवय?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

तो स्टुलावरून उठून चपला शोधू लागला. हे नेहमीचंच होतं. समुद्राबद्दल विचारा, इंजिनाबद्दल विचारा, तो तासभर बोलेल. पण राहत कुठे होता, जेवत कुठे होता, हे विचारलं की ओठ आवळून घ्यायचा.

संशयाला आणखी काय लागतं? सत्यभामाचा मोठा भाऊ सेवकराम एसटीत कंडक्टर होता. दिवसभरात अर्ध्या जिल्ह्याच्या बातम्या त्याच्या कानावर यायच्या. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "एकोडीच्या त्या फिटरचं तिकडं घर हाये म्हणते. बायको, पोरगी, सारं. वरठीच्या कारखान्यातून तिकडं जाऊन आलेले लोक सांगून राहिले होते."

सत्यभामाच्या हातातला घास हातातच राहिला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात श्रावणची आई रंभाबाई मागणं घेऊन दारात आली! सेवकरामने तोंड फिरवलं. सत्यभामा म्हणाली, "विचार करून सांगते." रात्रंदिवस मग तिला तो पिवळा फ्रॉकच दिसत राहिला. आपण शिवलेला, आपल्याच हाताने काजं केलेला.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा तिने मशीन थांबवलं नाही. चाक फिरवत फिरवतच विचारलं, "पोट्टीचं नाव काय?"

"लुसिंदा."

"अन् तिच्या मायचं?"

"…ग्रासा."

मशीन थांबलं. "नाव घेताना आवाज बदलला तुमचा."

तो उठून उभा राहिला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ब्लाऊज न्यायला दोघी बाया आत आल्या. तो निघून गेला, त्यानंतर दुकानाकडे फिरकला नाही. उलट सेवकरामच नवी बातमी घेऊन आला. तिकडच्या कंपनीने श्रावणला पुन्हा बैऱ्याला बोलावलं होतं.

जातो आहे तिच्याकडे, सत्यभामाच्या मनात आलं. आणि छातीत असं काही दुखलं की तिला स्वतःचाच राग आला. एवढं दुखायचं कारण काय?

सकाळची बस धरून ती एकोडीला गेली. कापलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक निळं फुललं होतं. रंभाबाईने तिला पाहून नुसता तलावाच्या पाळीकडे हात केला. श्रावण तिथे बसला होता.

"लग्न झालं हाये तुमचं?" तिने उभ्या उभ्याच विचारलं.

"नाई."

"मंग पोट्टी कोणाची?"

"जुलियोची." तो पाण्याकडे पाहत बोलू लागला. "माह्या जोडीचा फिटर. त्याच्याच घरी राहत होतो मी. तठी लढाई चालू हाये, बंडखोर रुळाखाली सुरुंग पेरतेत. त्या दिवशी लाइनीवर जायची पाळी माही होती. मले ताप होता. तो म्हणाला, तू झोप, मी जातो…"

जुलियो त्या लाइनीवरून परत आला नव्हता.

सत्यभामा खाली बसली. म्हणाली, "अन् ग्रासा?"

"मी तिले लग्नाचं विचारलं होतं."

म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता तर! तिने पदराचं टोक मुठीत आवळलं. "काय म्हणाली?"

"हासली पहिले. मंग रडली. म्हणाली, तुह्या मनात मी नाई, जुलियो बसला हाये. घरी जा आपल्या."

"अन् हो म्हणाली असती तं?"

वाऱ्याने तलावाचं पाणी थरथरलं. एक सोपं उत्तर होतं, आणि ते तिलाही ऐकायचं होतं…

"तं तठीच राहिलो असतो," श्रावण म्हणाला.

ती उठली आणि मागे न पाहता रस्त्याला लागली. बसच्या खिडकीशी बसून डोळे पुसत राहिली. कसला माणूस! थोडं खोटं बोलता येत नव्हतं? 'तुलाच शोधत परत आलो' म्हणाला असता तर कोण जाणार होतं बैऱ्याला खरं-खोटं करायला? कोणीच नाही. खोटं बोलून तो सहज सुटला असता… तरीही बोलला नाही. साकोली येईपर्यंत तिचं रडू थांबलं होतं.

"मले त्याच्याशीच लग्न करायचं हाये," घरी येऊन तिने भावाला सांगितलं.

सेवकरामने तिकिटांची पेटी खाली ठेवली. "तुहा विश्वास हाये त्याच्यावर?"

"पुरा नाई. पण जे मले दुखवीन, तेही तो तोंडावर सांगते. असा दुसरा पाहून दे, त्याच्याशी करीन."

सेवकरामने दुसरा पाहिला नाही. माघात लग्न लागलं. कंपनीने बैरा शहरात क्वार्टर दिलं, आणि पावसाळ्याआधीच सत्यभामा मुंबईहून निघालेल्या विमानात श्रावणची बाही घट्ट धरून बसली होती.

बैऱ्याला क्वार्टरच्या फाटकाशी एक बाई उभी होती. कमरेला निळं कापड, काखेत नारळ. तिच्याआडून पिवळ्या, बारीक फुलांच्या फ्रॉकातली एक पोरगी डोकावत होती. ग्रासा पुढे आली. तिने सत्यभामाला पायापासून कपाळापर्यंत न्याहाळलं, अगदी सावकाश, डोळे बारीक करून. सत्यभामा चपापली. संशय घेण्याचा हक्क आपल्या एकटीचाच आहे, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

मग ग्रासा भराभर काहीतरी बोलली. श्रावणचे कान लाल झाले.

"काय म्हणाली?"

"काई नाई."

"खरं सांगा."

"म्हणते… हा माणूस मनातलं आपणहून सांगत नाई. खोदून काढा लागते. तेवढा दम हाये का हिच्यात?"

सत्यभामाने ग्रासाच्या डोळ्यांत डोळे घातले. सरळ, न लाजता. मग श्रावणचा हात हातात घेतला, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच.

"सांगा तिले," ती म्हणाली, "आमच्या आज्या-पणज्यायनं तलाव खोदले हायेत."

श्रावणने अडखळत सांगितलं. ग्रासा एवढ्या मोठ्याने हसली की तिच्या काखेतला नारळ निसटून घरंगळत गेला, आणि त्याच्यामागे ओरडत लुसिंदा धावली.