अकरा फुटांवरचा मोर

येवल्याच्या त्या घरात सकाळचा चहा झाला, की दीपमाला आधी चष्मा चढवायची आणि मग मागावर बसायची. चष्म्याला नंबर नव्हता, काच साधीच. पण त्याच्या काडीत मुगाएवढा एक टिपक बसवला होता. डोळे दिवसभरात किती अंतरावर किती वेळ टिकतात, एवढंच तो टिपून ठेवायचा. संध्याकाळी ती नोंद भिंगांच्या डबीत जायची आणि डबी तिच्या निजभिंगांचा बाक त्यानुसार बदलायची. झोपताना ती भिंगं घातली, की ती पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, हलकेच दाबून आकार देत. सकाळी काढून ठेवली की दिवसभर नजर स्वच्छ.

हा सगळा खटाटोप म्हणजे जुन्या एका दुरुस्तीची राहिलेली बाकी होती. चष्म्याची मुलगी नको म्हणून दोन स्थळं परत गेली, तेव्हा वडिलांनी तिच्या डोळ्यांचं लेसर करून आणलं. चष्मा गेला, पण पाऊण नंबर, त्यातही थोडा तिरका, मागे उरला. तरुणपणी तो जाणवला नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मात्र रेशमाच्या तारा एकमेकींत मिसळू लागल्या. नाशिकच्या डॉक्टर शिरीन म्हणाल्या, पडदा पातळ आहे, पुन्हा लेसर नको. शिवाय या वयात डोळ्याची लवचीकता जाते, त्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही लख्ख मिळणार नाही. एकच अंतर मिळेल, आणि ते निजभिंग तुमच्या सवयीवरून ठरवेल.

"माझी सवय म्हणजे माझा माग," दीपमाला तेव्हा तोऱ्यात म्हणाली होती.

समोरच्या भिंतीशी दुसरा माग होता, निकिताचा. निकिता तिची धाकटी जाऊ. सहा वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा तिला धोटा कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. दीपमालानेच तिचा हात धरून शिकवलं, आणि चांगलं शिकवलं, हीच तिची चूक झाली. आता पुण्याची गिऱ्हाइकं फोनवर 'धाकट्या बाईंच्या हातचा मोर' मागत. ते ऐकलं की दीपमालाच्या पोटात दुखायचं, आणि आपल्याला दुखतंय याची लाज वाटून आणखी दुखायचं.

त्यात खंडेनवमी जवळ आली होती. घरच्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी मागांची पूजा होई आणि सासूबाई ज्या मागावर नारळ ठेवतील तो वर्षभर थोरला माग. मोठ्या पैठण्यांचे पदर त्याच मागावर. वीस वर्षं नारळ दीपमालाकडे होता. यंदा सासूबाई म्हणाल्या, दोघींचे पदर होऊ देत, मग बघू.

आणि नेमकं आत्ताच निजभिंगांनी दगा दिला. सात आठवडे झाले तरी स्वतःच्या मागावरचा मोर तिला ओल्या कागदावरच्या रंगासारखा फुटलेला दिसे. समोर मात्र निकिताच्या मोराचं पीसन् पीस मोजता येत होतं. दीपमालाच्या मनात पाल चुकचुकली. निजभिंगांची डबी रोज कोण पुसून ठेवतं? निकिता. झालं, खंडेनवमीला नऊ दिवस उरले असताना ती कुणाला न सांगता नाशिकला गेली.

डॉक्टरांनी डबीतली नोंद पडद्यावर उघडली. डबीला कुणी हात लावलेला नव्हता. भिंगांनी आपलं काम चोख केलं होतं.

"रोज साडेचार तास तुमचे डोळे अकरा फुटांवर असतात," डॉक्टर म्हणाल्या. "स्वतःच्या कामावर जेमतेम तास-दीड तास. अकरा फुटांवर काय आहे, दीपमालाताई?"

दोन मागांमधलं अंतर अकरा फूट होतं. ते सासऱ्यांनी आखलं तेव्हा टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं.

"टीव्ही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी टीव्ही कमी करायला सांगितलं. डबीवर अंतर हाताने बदलता येईल, पण डोळा जवळच्या कामावर बसायला तीन आठवडे लागतील. परतीच्या बसमध्ये तिला कुसळ-मुसळाची म्हण आठवली आणि तिने ती तिथल्या तिथे गिळून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती मागावर बसली आणि सवयीने मान वर गेली. तिला चूक दिसली. निकिताच्या मोराच्या मानेचा बाक एका तारेने सुटला होता. तो जवळून दिसणारा नव्हता. पण ओळीमागून ओळ तो वाढत जाणार होता, आणि मोर पुरा होईल तेव्हा मान मोडल्यासारखी दिसणार होती. दीपमालाला आनंद झाला. उगाच का लपवा, चांगला भरपूर आनंद झाला. तीन दिवस तिने तो एकटीने चाखला आणि तोंडातून शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी भाजी तिला जरा जास्तच चविष्ट लागली.

त्या दुपारी निकिताने धोटा खाली ठेवला.

"ताई, एक विचारू? तुम्ही दिवसभर माझ्याकडे बघत असता ना, मला लई धीर वाटतो. काही चुकलं तर ताई बोलतील, म्हणून मी बिनघोर विणते. हे चार दिवस तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हणजे बरोबर आहे ना?"

साडेचार तासांची ती नजर या पोरीने भलत्याच अर्थाने वाचली होती.

"मान उलगड," ती अखेर म्हणाली. "डोळ्याखालची बारावी ओळ. तिथून तार सुटलीय."

निकिता निमूटपणे उलगडत बसली. चार दिवसांचं काम मांडीवर गोळा झालं. दीपमालाचा पदर धूसर नजरेमुळे आधीच अडला होता; आता दोघींचेही पदर खंडेनवमीपर्यंत पुरे होणार नव्हते.

दिवेलागणीला दीपमालाने डबी उघडली. डॉक्टरांनी चालू करून दिलेला प्रश्न झाकणावर उमटला होता: पुढचं अंतर कोणतं? दीड फूट, की अकरा? दीड फुटावर तिचा स्वतःचा मोर होता, आणि वीस वर्षांचा नारळ. अकरा फुटांवर कुणीतरी तिच्या नजरेच्या भरवशावर विणत होतं.

तिचं बोट अकरावर गेलं आणि तिथेच थांबलं. डबी अंतर मोजेल, बाकही बरोबर देईल. पण उद्या सकाळी ते डोळे समोर वळतील, तेव्हा ते चूक सांगायला वळतील, की पुन्हा ती चाखायला?