सत्तावन्न नंबरचा बिल्ला

स्टोअरकीपरचं काम म्हणजे खिडकीत बसून ‘नाही, संपलं’ म्हणणं, असं तुम्हाला वाटत असेल तर फारसं चुकत नाही तुमचं. बत्तीस वर्षं मी तेच केलं. फक्त एकदा ‘नाही’ म्हणायला हवं होतं, तेव्हा नेमकं म्हणालो नाही.

आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. रसायनाच्या टाकीत उतरणाऱ्याने खिडकीत आपला पितळी बिल्ला ठेवायचा, मी त्याला गॅसचा मास्क द्यायचा आणि बिल्ला मागच्या खिळ्यावर टांगायचा. मास्क परत आला की बिल्ला ज्याचा त्याला. बिल्ला माझ्याकडे आहे म्हणजे माणूस अजून आत आहे.

सत्तावन्न नंबर आमच्या फिटरचा. तो खिडकीच्या पत्र्यावर बिल्ला वाजवायचा. टक-टक, थांबून टक. “आहेस का, म्हाताऱ्या?” माझी बायको गेल्यापासून कामाशिवाय माझ्याशी बोलणारा तो एकटाच. डब्याचा खालचा कप्पा मी त्याच्यासाठी भरायचो.

मास्कच्या फिल्टरला मुदत असते. त्या वर्षी नवे फिल्टर तीन महिने आले नव्हते. खरेदी विभाग उंटावरून शेळ्या हाकत होता, “भागवून घ्या.” मी भागवलं. एका जुन्या फिल्टरवरची तारीख स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि तो मास्कला लावून फिटरला दिला. तो बाहेर आला तो चौघांच्या हातांवर. मास्क आत गाळात कुठे गेला, सापडलाच नाही. चौकशीत मी हात वर केले. बिल्ला मात्र खिळ्यावरच राहिला. मी रोज दोन कप्पे भरत राहिलो आणि खालचा तसाच घरी नेत राहिलो.

वर्षभराने कारखान्याच्या वार्षिक बंदच्या दिवशी मी एकटाच माल मोजत होतो. भर दुपार होती, पण स्टोअरला बाहेरचा उजेड नाही. यंत्रं थांबलेली. स्वतःचा खोकलासुद्धा परका वाटत होता. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला.

“काका, त्याच टाकीत माणूस सोडायचाय. मास्क काढून ठेवा.”

“चांगला फिल्टर नाहीये.”

“मागच्या वेळी निघाला होता ना कुठून तरी? बघा की.”

मी फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, स्पिरिटची बाटली हातात घेतली होती मी.

आणि पत्र्यावर वाजलं. टक-टक. थांबून... टक.

खिडकीत कोणी नव्हतं. पत्र्यावर एक मास्क होता. रबर ओलं, आतून कोमट. टाकीचा तो गोडसर वास. फिल्टरवर पुसल्याचा पांढुरका डाग.

“अरे... तूच का?”

मास्कमधून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. सोडल्याचा आलाच नाही.

“मी पुसली तारीख,” मी म्हणालो. “मला ठाऊक होतं. तुला नाही म्हटलं असतं तर... तू चिडला असतास, एवढंच. जेवायला तरी आला असतास.”

मग मीच फोन लावला. “मास्क मिळणार नाही. कोणाला आत सोडू नका. मागच्या वेळचा फिल्टर मुदत संपलेला होता, मी दिला. उद्या लेखी देतो.”

“काका, वेड लागलंय का?”

“लागू दे.”

खिळ्यावरचा बिल्ला काढून मी मास्कशेजारी ठेवला. “घे बाबा. जा आता घरी.” नोंदवहीत सत्तावन्नपुढे ‘परत’ लिहिलं आणि वळलो, तर खिडकीत बिल्ला नव्हता. मास्कही नव्हता. मास्क माझ्याकडे राहायला हवा होता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. मी नुसता रडत होतो. सुटल्यासारखं वाटत होतं आणि फार एकटंही.

संध्याकाळी घराचं कुलूप काढलं, दिवा लावला, धुवायला म्हणून डबा उघडला. दिवसभरात मी त्याला हात लावला नव्हता. वरचा कप्पा तसाच होता. खालचा चाटूनपुसून साफ, आणि तळाशी सत्तावन्न नंबरचा बिल्ला.

मला आधी हसू आलं. मेल्या, जेवलास होय! मग पद्धत आठवली. बिल्ला माझ्याकडे होता.

आतल्या अंधाऱ्या खोलीत कोणीतरी श्वास ओढला. मी बिल्ला मुठीत धरून उंबऱ्याशी बसलो. तो श्वास सोडल्याचा आवाज मला अजून ऐकू आलेला नाही.