तीन लाख साठ हजारला एक कमी

खानावळीत आमाला-मटणाच्या रांगेत तिनुकेच्या पुढे एक पिवळा सदरा उभा होता आणि त्याच्या पाठीवर ठळक आकडा छापला होता — ३,५९,९९९. तिला हसू आवरेना.

सदरा वळला. "काय झालं हसायला?"

"काही नाही हो... एवढा मोठा आकडा पाठीवर, ओझं नाही होत?"

"सवय आहे. मी दिरान, गणित मंडळाचा अध्यक्ष." त्यानं ऐटीत कॉलर ताठ केली. "ही मूळ संख्या आहे, कशानंच भाग जात नाही. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहिल्या. पठ्ठी कुणाला दाद देत नाही!"

"आणि शंभराच्या पुढे?"

"पुढे... कंटाळा आला." तो हसला तशी गालाला खळी पडली. रांग चांगली लांबलचक आहे याचं तिनुकेला एकदम बरं वाटलं.

"भाग गेला तर?"

"माझ्या ताटातलं सगळं मटण तुमचं. नाही गेला तर — तुमचं लाडाचं नाव सांगायचं."

तिचे कान तापले. लाडाचं नाव आजीनं ठेवलेलं, फक्त घरच्यांनी हाक मारायचं. गणित शिकायला इबादानला आल्यापासून ते तिच्या कानावरच पडलं नव्हतं. या मुलाच्या तोंडी ते कसं वाटेल? गप्प राहून पैज हरलं की काम फत्ते... पण आकड्याशी लबाडी करून मिळालेली हाक तिला नको होती.

"हा आकडा आपल्या योरुबा भाषेत म्हणा बरं."

"आं? आकडे आपण इंग्रजीतच तर—"

"तिथंच फसलात! आजी एकोणीसला काय म्हणते?"

"वीसला एक कमी."

"मग हा?"

"तीन लाख साठ हजारला..." दिरान अडखळला. "एक कमी."

"आणि तीन लाख साठ हजार म्हणजे सहाशेचा वर्ग. वर्गातून एक वजा केला की—"

"पाचशे नव्व्याण्णव गुणिले सहाशे एक!" त्यानं कपाळावर हात मारला. "मेलो! अख्ख्या मंडळाचे सदरे छापून झालेत!"

"संसार नंतर मांडा रे," वाढणाऱ्या इया रिसी मावशीनं ओगराळं आपटलं, "आधी ताटं पुढे करा!"

बाकावर बसताच दिराननं मटणाचे सगळे तुकडे मुकाट्यानं तिच्या ताटात घातले. "मटणाचं दुःख नाही हो. नाव राहिलं ना..."

"जिंकलं कोण? मी. मग काय द्यायचं, काय ठेवायचं, ते मीच ठरवणार." तिनं अर्धे तुकडे परत त्याच्या ताटात टाकले आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आबेके."

"आबेके..." त्यानं ते हळूच, नीट उच्चारलं.

घरापासून इतक्या दूर आपलंच नाव ऐकून तिनुकेचा ऊर भरून आला. हा मुलगा तिला आवडला होता, त्यात आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

"पुन्हा म्हण ना," ती म्हणाली.