सतरा नंबरचा चमचा

टक्.

घर चिडीचूप असताना तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. गॅलरीतल्या दोरीवरचा एक प्लास्टिकचा चमचा क्लिपमधून सुटून फरशीवर पडला होता, तोही नेमका ओल्या रंगाच्या बाजूने.

तरी कुणी बोललं नाही. नियमच होता तसा. रंग सुकेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कारण मागच्या आठवड्यात "सुकला का?" असं विचारता विचारता कावळ्याने ताज्या निळ्या रंगावर थुंकीचे तीन थेंब उडवले होते.

कावळा म्हणजे चिमटीचा धाकटा भाऊ. वय वर्षं सहा. दिवसभर "का? का?" चालायचं, म्हणून हे नाव. चिमटी बारा वर्षांची. मॉडेल गाडीचा मोहरीएवढा आरसाही ती चिमटीत धरून बरोबर जागी बसवायची. आणि शेजारचा फूटपट्टी उंच, काटकुळा. मोजल्याशिवाय त्याचा कशावरही विश्वास बसत नसे.

सुट्टीभर तिघं मिळून एकच गाडी बांधत होते. वीतभर लांबीची, जुन्या घाटाची, गोल बॉनेटची. सांगाडा केव्हाच जोडून झाला होता. घोडं अडलं होतं रंगावर. कारण मामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाडीवर प्रयोग करायचे नाहीत. प्रयोग चमच्यावर. चमच्याची पाठ बॉनेटसारखीच गोल असते."

मामा त्यांच्याकडेच राहायचा आणि घराखालच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा. त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चमच्यांवर सगळं करून झालं होतं. काळ्यावर चंदेरी मारला की आरसा होतो. तपकिरी रंगावर मीठ चिकटवून वर निळा मारला आणि मग मीठ खरवडलं की गाडी पन्नास वर्षं पावसात उभी असल्यासारखी दिसते. प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर नंबर, आणि फूटपट्टीच्या वहीत त्या नंबरापुढे तारीख, वेळ, रंग.

चिमटीने पडलेला चमचा उचलला. सतरा नंबर. फरशीचा ओरखडा होताच, पण ओरखड्याच्या पलीकडेही काहीतरी होतं. रंगात बारीक गोल खड्डे पडले होते. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी खालचा पांढरा चमचा दिसत होता. कुणीतरी आतून बघत असावं तसा.

"हे पडल्यामुळे नाही झालेलं," ती नियम मोडून म्हणाली. "नऊ नंबरलाही झालं होतं. आणि बाराला."

तेवढ्यात खालून गॅरेजच्या मालकांचा आवाज आला आणि तिघं गॅलरीच्या कठड्याला जाऊन चिकटले.

अंगणात एक किरमिजी गाडी उभी होती. मामा मान खाली घालून उभा. गाड्या धुणारी दोन माणसं हात थांबवून ऐकत होती आणि गिऱ्हाईकही.

"ही तिसरी गाडी, पेंटर," मालक म्हणत होते. "बॉनेट बघा, देवी आल्यासारखं झालंय. तुमचा हात गेला आता. सोमवारी पुन्हा रंगवा. तेव्हाही असंच निघालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मामा दुपारी जेवायला वर आला, पण ताटाकडे बघतच बसला. मग त्याने उजवा हात पालथा केला, उलथा केला, जणू दुसऱ्याचाच हात होता तो.

चिमटीने चमचा त्याच्यासमोर ठेवला. मामाने तो उजेडात धरला आणि एकदम ताठ बसला.

"हे तुमच्याकडे पण? आम्ही याला फिश आय म्हणतो. माशाचे डोळे. खाली तेलकट काही असलं की रंग तिथे बसत नाही, बाजूला सरतो. पण मी पत्रा तीनदा पुसला होता गं."

"मी पण चमचा धुतला होता," चिमटी म्हणाली. "म्हणजे तुझा हात गेला असेल तर माझाही गेला. बाराव्या वर्षी."

मामा हसला नाही, पण त्याने घास घेतला.

फूटपट्टी वहीत डोकं खुपसून बसला होता. "नऊ, बारा, सतरा. मंगळवार, शुक्रवार, आणि आज पुन्हा मंगळवार. बाकीच्या दिवसांचे सगळे चमचे स्वच्छ. मंगळवारी आणि शुक्रवारी असं काय असतं?"

"गाड्या घ्यायला लोक येतात," मामा म्हणाला. "बाकी काही नाही."

"त्या दिवशी मालककाका चाकांवर गोड वास का मारतात?" कावळ्याने विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"फुस्स करून. नव्या डब्यातून. गॅलरीत पण येतो वास. तुम्ही कुणी घेतच नाही."

नवा डबा. मालकांनी महिन्यापूर्वी खोकंच्या खोकं आणलं होतं. गाडी देताना चाकांवर आणि आतल्या प्लास्टिकवर ते स्वतः फवारायचे. गाडी अशी चमकायची की गिऱ्हाईक खूश.

"मग सांग ना त्यांना," चिमटी म्हणाली.

"मी सांगितलं तर सबब वाटेल," मामा म्हणाला. "आणि खात्री कुठेय? नुसत्या वासाने?"

खात्री म्हटल्यावर फूटपट्टीचे डोळे चमकले.

गुरुवारी त्यांनी गॅरेजभर चमचे टांगले. एकाच पाकिटातले, एकाच साबणाने धुतलेले, कोरे. फाटकाशी, अंगणात, रंगखोलीच्या खिडकीत आणि थेट मागच्या भिंतीला. एक मात्र झाकणाच्या बरणीत बंद. दुपारी सगळे गच्चीत नेऊन, तोंडाला मास्क बांधून, एकाच डब्यातल्या काळ्या रंगाने रंगवले. सगळे गुळगुळीत.

शुक्रवारी पुन्हा तेच, फक्त खिडकीत आणि बरणीत एकेक चमचा जादा, राखीव.

"ही कसली झालर लावलीत?" मालकांनी हातातला डबा हलवत विचारलं.

"चमचे वाळत घातलेत, काका."

"पाचही कोपऱ्यांत?"

"कोपरे चारच आहेत," फूटपट्टी म्हणाला. मालक हसत हसत चाकांकडे वळले. फुस्स. फुस्स.

या वेळी रंग चढला आणि बघता बघता डोळे उघडत गेले. फाटकाजवळच्या चमच्यावर एकतीस. अंगणातल्यावर बावीस. रंगखोलीच्या खिडकीतल्यावर चौदा. मागच्या भिंतीच्या चमच्यावर दोन. बरणीतल्यावर एकही नाही.

"पंखा," मामा हळूच म्हणाला. "रंगखोलीचा पंखा अंगणातली हवा आत ओढतो. आणि मी बसलोय पत्रा पुसत."

आता प्रश्न मालकांचा होता. वहीतले आकडे दाखवले असते तर त्यांनी पोरखेळ म्हणून उडवून लावले असते. चिमटी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार करत राहिली. मामाचा हात गेला, हे मालक ठरवून बसले होते. मग हातच बदलला तर?

शनिवारी सकाळी ती रंगखोलीच्या दारात उभी राहिली. तिच्याकडे आदल्या दिवसाचे दोन कोरे चमचे होते. एक बरणीतला. दुसरा खिडकीत टांगलेला. दोन्ही मुद्दाम न रंगवता राखून ठेवलेले.

"काका, तुम्ही आधी पेंटर होतात ना? मामा म्हणतो तुमचा हात फार साफ होता."

"होता म्हणजे?" मालकांनी बाह्या वर केल्या. "आण इकडे. पेंटर, ती छोटी गन द्या बघू."

मामाने मुकाट्याने गन दिली. मालकांनी एका डोळ्याने नेम धरला, मनगट झोकात फिरवलं, आणि दोन्ही चमच्यांवर सारखा किरमिजी थर चढवला. हात खरंच साफ होता. धुणारी माणसंही दारात येऊन उभी राहिली.

डावा चमचा आरशासारखा झाला.

उजव्यावर एक डोळा उघडला. मग दुसरा. मग सात-आठ एकदम.

मालकांनी गन खाली घेतली. "हे काय?"

"चौदाच्या आसपास जाईल," फूटपट्टी म्हणाला.

"का हो काका," कावळ्याने विचारलं, "तुमचा पण हात गेला का?"

कुणीतरी दारात खोकलं. चिमटीने कावळ्याच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने वही पुढे केली. मालकांनी ती उभ्या उभ्या वाचली, पहिल्या पानापासून. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि फवाऱ्याच्या डब्यामागची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचे ओठ थांबले.

"'यात सिलिकॉन आहे,'" शेवटी ते म्हणाले. "'रंगकामाच्या जागेजवळ वापरू नये.'"

त्या दुपारी खोकं गॅरेजबाहेर गेलं. अंगण, पंखा, खिडकी, सगळं दोनदा धुऊन काढलं. सोमवारी मामाने बॉनेट रंगवलं तेव्हा खोलीबाहेर सगळे श्वास रोखून उभे होते. रंग बसला. बसूनच राहिला. मामाने वाकून बघितलं, तर बॉनेटमधून त्याचाच चेहरा त्याच्याकडे बघत होता, एकही खड्डा नसलेला.

मालकांनी मामाला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दोघं बाहेर आले. मामाचे डोळे लाल होते, पण तो हसत होता. मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या पोरांनी गॅरेज वाचवलं माझं. जे मला तीस वर्षांच्या अनुभवानेही सुचलं नाही ते यांनी चमच्यांनी शोधलं." उरलेल्या किरमिजी रंगाची बाटली त्यांनी चिमटीच्या हातात ठेवली. आईने संध्याकाळी सगळं ऐकलं आणि सतरा नंबरचा चमचा चक्क कपाटातल्या काचेमागे नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वीतभर गाडीवर तोच किरमिजी रंग चढला. तिघं गॅलरीत गप्प बसले. नियमच होता तसा.

कावळ्याने बराच वेळ दम धरला. मग रंगावर काही उडू नये म्हणून दोन्ही तळवे तोंडासमोर धरून तो अगदी हळू म्हणाला, "ताई, मालककाका मामाला ओरडले ते अंगणात, सगळ्यांसमोर. मग सॉरी म्हणताना दार का लावून घेतलं?"

चिमटीने फूटपट्टीकडे पाहिलं. फूटपट्टीने वही उघडली आणि तो प्रश्न नव्या पानावर लिहून घेतला.