मिठाच्या पाण्यातलं बी

टक्. दुपारी निजलेल्या घरात अंडं पाण्यानं भरलेल्या गंजाच्या कडेला आपटलं आणि गुणाबाई समाधानानं म्हणाली, "तरंगलं."

अंडं तरंगलं म्हणजे मीठ पुरेसं झालं. मृगाच्या आधी धानाचं बी असं निवडायचं, ही मूल तालुक्यातल्या त्या घरची रीतच होती. मोठ्या गंजातल्या पाण्यात मीठ कालवायचं आणि बी ओतायचं. पोचट दाणे वर येतात, ते कोंबड्यांना. भरलेले बुडतात, ते वावरात.

आज मात्र गुणाबाईला आधी नाववाला निवडायचा होता.

तिचा लेक अजय कृषी केंद्रात कामाला. एका बियाणे कंपनीनं त्याला सहलीला मालवणला नेलं होतं. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, याचा जन्मभराचा राग त्यानं तिथं काढायचं ठरवलं. पाठीला हवेची टाकी बांधून थेट तळाशी जायचं! म्हशी धुता धुता गावच्या बोडीच्या उथळ पाण्यात शिकलेलं पोहणं त्याला पुरेसं वाटत होतं. मे सरत आला होता, समुद्र उसळू लागला होता. "नाववाला तूच पाय," त्यानं बायकोला, रीताला, फोनवर सांगितलं, "तुले मानसं बराबर समजतात." ही स्तुती की जबाबदारी झटकणं, हे रीताला इतक्या वर्षांच्या संसारात उमगलं नव्हतं.

तिनं दोघांना फोन लावले. पहिला म्हणाला, "लाटा? कुठं लाटा, मॅडम! आमचं रील बघा." त्याच्यामागं वारा असा घोंघावत होता, की 'मॅडम' तेवढं नीट ऐकू आलं. दुसरा बाबी तांडेल. तो म्हणाला, "दर्या खवळलोहा. सकाळी बघून सांगतंय. मी नाय म्हटलंय तर नाय."

नाही म्हणू शकणारा माणूस रीताला आवडला.

तरी गुणाबाईनं दोघांच्या नावानं एकेक दाणा पाण्यात सोडलाच. रीलवाला ऐटीत तरंगला. बाबी सरळ तळाशी.

"बाबीच," गुणाबाईनं निकाल दिला.

"आत्याबाई, तो बुडला!"

"मंग? पोचटासंगं धाडतं का माह्या पोराले?"

समुद्रावर जायचं तर बुडणारा गडी निवडावा, हे शहाणपण धानकऱ्याच्या घरातच सुचावं. पण दोघींचा माणूस एकच निघाला होता. रीतानं बाबीला ठरवून टाकलं.

सकाळी बाबीनं होकार दिला. अजयनं नावेतूनच फोन लावला, तेव्हा गुणाबाई गंजात सगळं बी ओतून काठीनं ढवळत होती. रीताची पाच वर्षांची लेक दिव्यानी अंगणात कोंबड्यांना पोचट दाणे टाकत होती.

"रीता, नाव गरागरा फिरून राह्यली वो!" अजय ओरडत होता.

गुणाबाईनं काठी थांबवून घाम पुसला.

"थांबली," अजय म्हणाला. "एकदम."

गुणाबाईनं पुन्हा काठी फिरवली.

"अरे बापा!"

रीता बी.एस्सी. झालेली. योगायोग म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं उठून सासूच्या हातातली काठी काढून घेतली.

"काऊन वो?"

"तुम्ही बसा जराशा."

"बी सडते ना, बाई."

"सडू द्या."

तेवढ्यात शेजारची केसरबाई विरजण मागायला आली. "काय पायते वो गंजात? मासोळ्या हायत का?" म्हणत तिनं पाण्यात हात घातला. फोनमधून चार-पाच माणसं एकदम किंचाळली. रीतानं झडप घालून केसरबाईचं मनगट धरलं.

"हात नका लावू! समुद्र आहे तो!"

केसरबाईनं गुणाबाईकडे पाहिलं. "सून बरी हाय ना?"

"ऊन लागलं असन," गुणाबाई म्हणाली. पण तिनंही गंजाशेजारची परात हळूच बाजूला सरकवली.

अजय पाण्यात उतरला. सोबत नावेवरचा एक डायव्हर गेला. फोन बाबीनं हातात धरला होता.

रीता गंजापाशी बसून राहिली. तळाशी दाण्यांचा थर. त्यातून बारीक बुडबुडे वर येत होते. बी भिजलं की येतातच. पण हे एकाच जागेवरून येत होते. येत, थांबत. पुन्हा येत. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे.

तिनं नकळत त्यांच्या तालावर श्वास घ्यायला सुरुवात केली.

मग ते कमी झाले.

मग थांबले.

"बाबीभाऊ?"

फोनमध्ये नुसता वारा.

"बाबीभाऊ, बोला ना!"

"आमचो डायव्हर वर इलो," बाबी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुमचे मालक अजून नाय. पाणी गढूळ झालाहा, काय दिसत नाय."

केसरबाई विरजणासाठी आणलेली वाटी घेऊन होती तिथंच उभी राहिली.

पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता.

दिव्यानी कधी आत आली, कोणाला कळलं नाही. तिनं फ्रॉकची बाही वर सारली. कोपरापर्यंत हात गंजात घातला. तळ चाचपला नाही, शोधलं नाही. एकच दाणा चिमटीत धरून वर काढला.

"इलो! इलो!" फोन दणाणला. "वर इलो!"

धडपड, खोकला, कोणाचं तरी ओकणं. मग अजयचा आवाज, भिजलेला, लहान मुलासारखा. "रीता... मले कोनं तरी चिमटीत धरून वर काढलं वो. खांद्यापाशी अजून दुखून राह्यलं."

रीता हसली की रडली, तिचं तिला कळलं नाही. गुणाबाई नातीला जवळ ओढू लागली.

पण दिव्यानी गंजापासून हलेना. ओला दाणा तिनं जपून आईच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा पाण्यावर वाकली. तळाशी बी गच्च, निश्चल पडलं होतं.

"आई," तिनं विचारलं, "खाली राह्यलेले हे सगळे कोनाचे बाबा आहेत?"